पास (वखराची)

वखर या मशागतीच्या अवजाराच्या दोन जानोळ्यांच्या (आडव्या खोडात ठोकलेल्या उभ्या दांड्यांच्या) टोकांना आडवे बसवलेले लोखंडी पाते. जमिनीच्या वरच्या थराखालून सरकत ते माती मोकळी करते आणि तणांची मुळे कापते. लांबी बहुधा दीड ते दोन फूट, रुंदी अडीच-तीन इंच असते. डवऱ्याची (पिकाच्या ओळींतून चालवायच्या कोळप्याची) पास याच घडणीची, पण आखूड. विदर्भातील भारी काळ्या जमिनीत नांगरणी काही वर्षांआड करायची आणि एरवी वखरपाळ्यांवर भागवायचे, असा जुना प्रघात आहे.

नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथे उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली. ती सर्वसाधारणपणे इ. स. पू. सातव्या शतकाच्या आसपासची मानतात. माहुरझरी व टाकळघाट-खापा या महापाषाणयुगीन स्थळांवरही कुऱ्हाडी, छिन्न्या यांसारख्या लोखंडी वस्तू सापडल्या आहेत. त्यावरून या भागातील लोहारकाम अडीच हजार वर्षांहून जुने ठरते. वखराचा उगम त्याच काळात नेणे हा मात्र तर्कच होय. अवजाराचे लाकडी भाग मातीत टिकत नाहीत आणि सुटे मिळालेले आडवे पाते वखराचेच, असे खात्रीने म्हणणे अवघड असते. मध्य भारतातील बखर, विदर्भातील वखर आणि पश्चिम महाराष्ट्रातील कुळव ही वेगळी अवजारे धरावीत काय, हाही प्रश्न निघतो. तिन्हींत आडवे खोड, त्यात ठोकलेली जानोळी आणि खाली पास हीच मांडणी असल्याने ती एकाच अवजाराची प्रादेशिक रूपे समजणे अधिक सयुक्तिक दिसते.

कडक जमिनीत पास रुतते ती धारेमुळे आणि तितकीच धारेमागच्या मोकळिकीमुळे. पासेची पुढची कड खाली झुकलेली व मागची उचललेली असते. त्यामुळे पात्याची खालची बाजू आणि जमीन यांत साधारण ५ ते १० अंशांची फट राहते. माती घासून कड झिजते तेव्हा नेमका हाच भाग आधी जातो. कडेखाली एक अरुंद, चकचकीत पट्टी तयार होते आणि तिचा उतार उलटा, म्हणजे पुढे वर चढणारा असतो. पास पुढे ओढली की ही पट्टी मातीवर दाबून चालते आणि माती तिला वर लोटते. दोन फुटी पासेला ३ मिमी रुंदीची पट्टी पडली, तर तिचे क्षेत्रफळ सुमारे १८ चौ. सेंमी. होते. चौरस सेंटिमीटरला ५ किलो प्रतिरोध धरला तरी वर लोटणारा जोर ९० किलो भरतो. लाकडी वखराचे स्वतःचे वजन याहून पुष्कळ कमी असते. म्हणूनच वाफशावर नीट चालणारी पास जमीन आवळल्यावर उडू लागते.

अशा वेळी खोडावर दगड ठेवतात किंवा वखऱ्या स्वतः उभा राहतो. पास थोडी दबते, पण ओढ वाढते. बैलजोडी आपल्या वजनाच्या सुमारे दहाव्या भागाइतकी ओढ दिवसभर देऊ शकते, असे धरले जाते. त्यापलीकडचा भार बैलांच्या खांद्यांवर येतो आणि खांदे सुजतात. बोथट पासेवर वजन ठेवण्यापेक्षा काम थांबवून ती पाजवणे केव्हाही श्रेयस्कर.

पास पाजवण्याचे काम गावचा खाती (लोहार) करतो. पूर्वी मोबदला धान्यात मिळे, आता रोख. आधी लोखंड ओळखावे लागते. ग्राइंडरवर साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब व सरळ उडतात, कमानपाट्याच्या (गाडीच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्टीच्या) ठिणग्यांना टोकाशी फुलोरा येतो. साध्या लोखंडाला पाणी धरत नाही, म्हणजे तापवून एकदम थंड केले तरी ते कडक होत नाही. कडेचा दीड-दोन इंचाचा पट्टाच कोळशाच्या भट्टीत नारिंगी होईपर्यंत तापवून ऐरणीवर ठोकतात आणि रंग मंद लाल झाला की घाव थांबवतात. थंड पडलेल्या कडेवर ठोकल्यास बारीक चिरा जातात, तर भट्टीतच ठिणग्या उडू लागल्या तर कड जळाली असे समजावे. ठोकताना कड लांबते व पासेला कमान येते. ती मागच्या कडेवर ठोकून काढतात.

पाणी देताना कड लालबुंद करतात. चुंबक चिकटेनासे होणे ही तापाची किमान खूण होय. कमानपाट्याची पास पूर्ण पाण्यात बुडवली तर तडकण्याचा धोका असतो. त्यापेक्षा तेल बरे. पाणीच वापरायचे तर फक्त कड अर्धा इंच बुडवून काढावी, दगडाने घासून उजळवावी आणि मागच्या उष्णतेने रंग चढताना पाहावा. पिवळसर रंगावर विझवलेली कड फार कडक राहते व चुनखडीच्या खड्यावर तिचे टवके उडतात. जांभळ्या-निळ्या रंगापर्यंत उतरू दिलेली कड चिवट होते. गोटे-मुरूम असलेल्या रानासाठी हीच योग्य.

अखेरची धार कानशीने, वरच्या अंगानेच काढतात. खालच्या बाजूला उतार घासला की वर सांगितलेली उलटी पट्टी नव्या पासेलाच पडते. ही चूक नेहमी दिसते. घासताना कडेखाली वळून राहिलेली बारीक कोर एका हलक्या हाताने उतरवावी, त्याहून अधिक नको. कड सुमारे १ मिमी जाड ठेवतात, त्याहून पातळ केली तर ती वळते. ग्राइंडरवर पास निळी पडली की पाणी उतरते, म्हणून दर टेकवणीनंतर पाण्यात बुडवावी. वखर एका अंगाला खोल जात असेल तर आधी दोन्ही जानोळ्यांची उंची मोजावी व सैल पाचर ठोकावी. दोष तेथे नसेल तर पासेचे एक टोक अधिक झिजलेले निघते. हराळी किंवा कुंदा यांसारखे तण पासेवर गुंडाळून तुंबत असेल तर धार मुळे कापत नसून ओढत आहे, असे समजावे.

ट्रॅक्टरच्या वखरांना सरळ पासेप्रमाणे व्ही आकाराचीही पास लावतात. तिच्या दोन्ही पंखांची धार सारखी नसेल तर अवजार एका बाजूला ओढले जाते.