रेडीच्या खाडीमुखाशी

सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या शिरोड्याहून रेडीला जायला रिक्षा ठरवली की रिक्षावाला न विचारता क्रम सांगून मोकळा होतो. आधी गणपती, मग माऊलीचं देऊळ, मग यशवंतगड, आणि ऊन फार नसेल तर तेरेखोलचा किल्ला. मीही त्याच क्रमाने फिरलो. प्रत्येक ठिकाणी एक फलक, एक फोटो, पुढचा थांबा. या जागांचा एकमेकींशी काही संबंध आहे असं कुणी सांगत नाही. गडाच्या तटावर उभं राहून खाली पाहिलं की तो आपोआप दिसतो. खाली खाडी समुद्राला मिळते, आणि रेडीचं जे काही झालं ते या तोंडावर ताबा कुणाचा, यावरून झालं.

ही ओढाताण जुनी आहे. कर्नाटकातल्या ऐहोळे इथे मेगुटीच्या जैन मंदिरात इ. स. ६३४ चा एक शिलालेख आहे. चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीच्या दरबारातल्या रविकीर्तीने तो रचला. त्यात पुलकेशीचा चुलता मंगलेश याने रेवतीद्वीप जिंकल्याचा श्लोक आहे. तटावर चढलेलं त्याचं सैन्य आणि त्याच्या पताका समुद्राच्या पाण्यात अशा उमटल्या, की जणू राजाचा शब्द ऐकून वरुणाचीच सेना धावून आली आहे, असं कवी म्हणतो. हे रेवतीद्वीप म्हणजे आजची रेडी, असं बहुतेक अभ्यासक मानतात. राजकवी अतिशयोक्ती करणारच, तो त्याचा धंदा. पण तट होता आणि तो पाण्याला लागून होता, एवढं त्या श्लोकातून कळतं. शके ५३२ च्या, म्हणजे इ. स. ६१० च्या सुमाराच्या एका ताम्रपटात चालुक्यांचा अधिकारी ध्रुवराज इंद्रवर्मा रेवतीद्वीपातून चार प्रांतांचा कारभार पाहतो असा उल्लेख आहे. आज ग्रामपंचायत असलेल्या गावातून एके काळी चार प्रांत चालत होते!

सध्या दिसतो तो यशवंतगड त्यानंतर हजार वर्षांनी इतिहासात ठळक होतो. आदिलशाहीकडून तो शिवाजी महाराजांकडे आला आणि पुढे सावंतवाडीच्या सावंत-भोसल्यांकडे. तट जांभ्याचा आहे. वडा-पिंपळाच्या मुळ्यांनी चिरे असे आवळून धरलेत की कुठे मुळीने भिंत फोडली आणि कुठे मुळीमुळेच ती उभी राहिली, हे सांगता येत नाही. आतल्या वाड्याच्या नुसत्या भिंती उरल्यात. एका कमानीखाली हात लावून पाहिलं तर चिऱ्यावर टाकीचे तिरके घाव अजून बोटाला लागतात.

१७४६ हे साल या भागाला जड गेलं. गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने सावंतांवर मोहीम काढली, हळर्णचा किल्ला घेतला आणि त्या विजयावरून त्याला ‘आलोर्नचा मार्किस’ हा किताब मिळाला. हळर्ण या खेड्याच्या नावाने लिस्बनमध्ये एक सरदार घराणं मिरवत राहिलं. त्याच वर्षी तेरेखोल आणि रेडीचा यशवंतगडही पोर्तुगीजांनी घेतले. रेडी काही वर्षांनी सावंतांकडे परत आला, तेरेखोल मात्र पोर्तुगीजांकडेच राहिला. तेरेखोल नदी हीच महाराष्ट्र-गोव्याची हद्द समजून आपण नकाशा पाहतो, आणि मग नदीच्या उत्तर काठावर, जमिनीच्या बाजूने सगळीकडून सिंधुदुर्गाला चिकटलेला गोव्याचा एक तुकडा बघून बुचकळ्यात पडतो. त्याचं मूळ या लढायांत आहे.

नंतर आले इंग्रज. व्यापारी जहाजं लुटली जातात ही त्यांची तक्रार होती. (लुटणारे ‘चाचे’ की आपल्या हद्दीत जकात वसूल करणारे आरमारवाले, हे कुणाचं दप्तर वाचता त्यावर ठरतं.) १७६५ मध्ये त्यांनी मालवणचा सिंधुदुर्ग घेतला, पाठोपाठ रेडीही घेतला. रेडी परत मिळवायला सावंतांना पैसे भरावे लागले आणि त्यापायी वेंगुर्ल्याचं उत्पन्न तेरा वर्षांसाठी गहाण पडलं. शेवटचा घाव १८१९ च्या फेब्रुवारीत बसला. सर विल्यम ग्रँट कीरच्या फौजेने आधी निवती आणि मग रेडी घेतला, आणि तहात सावंतवाडीच्या हातून किनारपट्टीच गेली. समुद्र नसलेलं संस्थान म्हणून ते पुढे सव्वाशे वर्षं जगलं.

वेंगुर्ल्याची डच वखार याच गोष्टीचं आधीचं पान आहे. १६३७ मध्ये डचांनी ती उभी केली ती गोव्याची नाकेबंदी करणाऱ्या आपल्या जहाजांना रसद मिळावी म्हणून. आज तिच्या पडक्या भिंतींवर झाडं उगवली आहेत. मी पाच मिनिटांत बाहेर आलो.

तेरेखोलच्या किल्ल्यात संत अंतोनीचं चर्च आहे. १८३५ मध्ये गोव्यातच जन्मलेले बर्नार्दो पेरेस द सिल्व्हा गोव्याच्या प्रमुखपदी आले आणि तीन आठवड्यांच्या आत उलथले गेले. त्यांच्या बाजूच्या शिबंदीची याच किल्ल्यात कत्तल झाली. १५ ऑगस्ट १९५४ ला सत्याग्रहींनी इथे तिरंगा चढवला. पोर्तुगीज जायला त्यानंतर सात वर्षं लागली.

आता रेडीच्या लोहखाणीकडे. कोकणचा जांभा म्हणजे पावसाने लाखो वर्षं धुऊन धुऊन मागे राहिलेला, लोह आणि ॲल्युमिनियमने भरलेला दगड. ओला असताना कुऱ्हाडीने कापता येतो, वारा लागला की घट्ट होतो, म्हणून घर, विहीर, गड सगळं त्याचं. रेडीत या थराखाली धारवाड काळातल्या, म्हणजे अतिप्राचीन खडकांमधलं लोहखनिज आहे. लोखंड काढणं सह्याद्रीला नवं नाही. धावड मंडळी कोळशाच्या भट्ट्यांत लोखंड गाळत, पण ते खांद्यावरून नेण्याइतकं. रेडीत स्वातंत्र्यानंतर यंत्रांनी डोंगर उतरवायला सुरुवात झाली. खनिज ट्रकने बंदरावर, बार्जमधून खोल पाण्यात नांगरलेल्या जहाजावर, आणि तिथून परदेशी कारखान्यांकडे. खाणीपासून धक्का हाकेच्या अंतरावर, हीच इथली खरी श्रीमंती. पाऊस लागला की बंदर बंद, समुद्र निवळला की सुरू. हा पंचांगाचा नियम गलबतांना होता तोच बार्जना लागू पडला.

‘पयले हय दिसरात गाडये धावत,’ रिक्षावाला म्हणाला. ‘भिती लाल, कपडे लाल, कोंबडोसुद्धा लाल!’ त्याचे वडील खाणीवर होते. त्या पैशातून घराला स्लॅब पडला, असं तो सांगतो, आणि त्याच दमात विहिरीचं पाणी बिघडल्याचंही सांगतो. त्याला यात विसंगती वाटत नाही, मलाही वाटली नाही. २०१० मध्ये केंद्राने रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या नव्या खाणींच्या पर्यावरण परवानग्या थांबवल्या आणि पुढच्या वर्षी पश्चिम घाटाच्या पर्यावरणावरचा माधव गाडगीळ समितीचा अहवाल आला, तेव्हापासून या विषयावर प्रत्येक गावात दोन बाकं आहेत.

रेडीचा गणपती याच खणण्यातून बाहेर आला. एप्रिल १९७६ मध्ये खाणीवरच्या एका ट्रकचालकाला दृष्टांत झाला, गावकऱ्यांनी त्या जागी खणलं आणि जांभ्यात कोरलेली सहा फुटांची द्विभुज मूर्ती निघाली. उंदीर नंतर सापडला. मूर्ती पांडवकालीन आहे असं देवळात सांगतात. कोकणात पांडवकालीन म्हणजे ‘आजोबांच्याही आधीचं’, तो शब्द तसाच घ्यावा. मूर्तीला आता झगझगीत रंग दिलाय, त्यामुळे दगड दिसत नाही. मी पुजाऱ्यांना विचारलं तर त्यांनी पायरीच्या कडेचा एक उघडा चिरा दाखवला. ‘असोच,’ म्हणाले.

देवळातून निघताना चपला पाहिल्या. तळ तांबडे झाले होते. रिक्षावाल्याने सीटखालून फडका काढून माझ्या हातात दिला आणि घड्याळ पाहत म्हणाला, ‘गड व्हयो मा?’