ऑस्टिओसार्कोमा : उपचारांची निष्पत्ती

ऑस्टिओसार्कोमा हा हाडातच उगम पावणारा कर्करोग. तो दुर्मीळ आहे, पण १० ते २० या झपाट्याने उंची वाढण्याच्या वयात हाडाच्या कर्करोगांपैकी हाच सर्वाधिक आढळतो. निम्म्याच्या आसपास गाठी गुडघ्याजवळ होतात : मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला किंवा नडगीच्या वरच्या टोकाला.

१९७० पूर्वी पाय कापणे हाच उपचार होता आणि तरीही बहुसंख्य रुग्ण दगावत. शस्त्रक्रिया चुकत नसे. निदानापूर्वीच रक्तावाटे फुफ्फुसात पोहोचलेल्या, क्ष-किरणचित्रात न दिसणाऱ्या पेशी पुढे वाढत. मेथोट्रेक्सेट व डॉक्सोरुबिसिन या औषधांनी, म्हणजे केमोथेरपीने, हे चित्र पालटले. काही तज्ज्ञांना मात्र त्याची खात्री नव्हती. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीने तो वाद मिटवला : दोन वर्षांनंतर रोग न उलटलेले रुग्ण नुसत्या शस्त्रक्रियेने १७ टक्के, केमोथेरपीची जोड दिल्यावर ६६ टक्के.

आज आधी केमो, मग शस्त्रक्रिया, पुन्हा केमो असा क्रम असतो. रोग एकाच जागी असेल, तर साधारण ६० ते ७० टक्के रुग्ण पाच वर्षांनंतर हयात असतात. फुफ्फुसात पसरलेला असेल, तर २० ते ३० टक्के. काढलेल्या गाठीतील ९० टक्के वा अधिक पेशी आधीच्या केमोने मेलेल्या आढळल्या, तर पुढची आशा चांगली. मग कमी मेल्या तर औषधे वाढवावीत, हा तर्क सरळ वाटतो. पण २,२६० रुग्णांच्या युरामॉस-१ या आंतरराष्ट्रीय चाचणीत जादा औषधांनी त्रास वाढला, फायदा झाला नाही. जगण्याचे प्रमाण १९८०च्या दशकापासून जवळपास तिथेच अडले आहे.

खरी प्रगती पाय वाचवण्यात झाली. गाठीसह हाड काढून तिथे धातूचा कृत्रिम सांधा बसवतात. योग्य रुग्ण निवडल्यास आयुर्मान पाय कापण्याच्या तुलनेत घटत नाही. जंतुसंसर्ग, सांधा सैल होणे, वाढत्या मुलात दोन पायांची लांबी असमान होणे या तक्रारी मात्र उरतात. बायॉप्सीची, म्हणजे तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढण्याची, सुई कुठून घातली यालाही मोठे महत्त्व आहे. चुकीच्या जागेवरून घेतलेल्या तुकड्यामुळे निरोगी ऊतींत पेशी सांडतात आणि वाचू शकणारा पाय जातो. म्हणून पुढे शस्त्रक्रिया करणाऱ्या पथकानेच बायॉप्सी ठरवावी.

मेथोट्रेक्सेटच्या मोठ्या मात्रेसाठी रक्तातील औषधाची पातळी सतत मोजावी लागते. भारतातील गर्दीच्या रुग्णालयांना हे परवडत नाही. त्यामुळे मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने मेथोट्रेक्सेट वगळून डॉक्सोरुबिसिन, सिस्प्लॅटिन व आयफॉस्फामाइडवर आधारलेली ओजीएस-१२ ही पद्धत वापरात आणली. आपल्याकडे निकाल बिघडतो तो अनेकदा त्याआधीच : खेळताना मुकामार लागला असेल म्हणून गुडघा चोळणे, हाडवैद्याकडे मालिश करणे यात महिने जातात. रात्री झोपमोड करणारे, विश्रांतीनेही न थांबणारे दुखणे असेल, तर साधा एक्स-रे पुरेशी शंका निर्माण करतो.

बरे झालेल्यांनाही डॉक्सोरुबिसिनमुळे हृदयाची आणि सिस्प्लॅटिनमुळे कानांची तपासणी पुढे अनेक वर्षे करून घ्यावी लागते.