पिसोरी आणि राधानगरीचं रान : पार्श्वभूमी

कोल्हापूर जिल्ह्यातलं दाजीपूर म्हटलं की गवा, ही ओळख १९५८ च्या निर्णयाने पक्की केली. संस्थानकाळात शिकारीसाठी राखलेलं हे जंगल त्या वर्षी अभयारण्य झालं, तेही गव्याच्या नावाने. १९८५ मध्ये हद्द वाढून क्षेत्र ३५१.१६ चौरस किलोमीटर झालं, नावही राधानगरी झालं. नजर मात्र गव्यावरच राहिली. त्याच रानातल्या दोन ते चार किलो वजनाच्या पिसोरीच्या (इंग्रजीत माउस डिअर) वाट्याला प्राण्यांच्या यादीतली एक ओळ आली.

पिसोरी ना खरं हरीण, ना कुरंग (अँटिलोप). नर-मादी दोघांनाही शिंगं नाहीत. नराचे वरचे सुळे तेवढे खाली वाढलेले. रवंथ करणारा असूनही पोटाचे कप्पे तीनच. आपल्याकडचा खरा छोटा कुरंग म्हणजे चौशिंगा, पण तो कोरड्या पानगळीच्या रानातला. पिसोरीला अंजनी, जांभूळ, पिसा या झाडांची दाट सावली, ओढ्याकाठचे कातळ आणि झाडांच्या ढोल्या लागतात. दिवसा तिथेच दडायचं, अंधार पडला की गळलेली फळं आणि कोवळा पाला शोधायचा. जुन्या नोंदींत तो श्रीलंकेतल्या जातीच्याच नावाखाली सापडतो. भारतातली जात २००५ मध्ये वेगळी मानली गेली.

१९५८ च्या नावाचं समर्थन करणारे म्हणतात, गव्यामुळे रान वाचलं आणि त्यासोबत सगळेच वाचले. रान वाचलं, हे खरंच. पण नावापाठोपाठ मोजण्याची पद्धतही आली, आणि ती पिसोरीला अजिबात सोयीची नाही. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठा न्याहाळला की गवे मोजता येतात. पिसोरी उघड्या पाणवठ्यावर कशाला येईल? घळीत झुडपाखाली पाझर असला की त्याचं भागतं. मग तक्त्यात शून्य पडतं आणि त्या शून्याचा अर्थ ‘नाही’ असा लावला जातो. कधी उलटंही होतं, भेकराचं (लहान हरणाचं) पाडस पिसोरी म्हणून लिहिलं जातं. पाडसाच्या अंगावरही ठिपके असतात. फरक गळ्यापाशी बघावा: पिसोरीच्या गळ्यावर पांढरे पट्टे असतात, कुशीवर ठिपके ओळीने जुळून तुटक रेघा होतात आणि पाठ मागे उंचावत जाते.

ट्रॅप कॅमेरे, म्हणजे समोरून जनावर गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, आल्यावर हा प्रश्न सुटायला हवा होता. पण ते बिबट्याच्या हिशेबाने गुडघाभर, म्हणजे ४०-५० सेंटिमीटरवर बांधले जातात, आणि पिसोरीची खांद्याजवळची उंचीच २५ ते ३० सेंटिमीटर. उतारावर तो सेन्सरच्या टप्प्याखालून निघून जातो. त्याच्यासाठी कॅमेरा २० सेंटिमीटरच्या आसपास, वाटेपासून दोन-अडीच मीटरवर हवा. त्याहून जवळ लावला तर फ्लॅशने अंग पांढरंफटक येतं, ठिपके दिसत नाहीत. सेन्सरपुढची हलणारी पानं काढावीत, नाहीतर कार्ड वाऱ्यानेच भरतं. झुडूप मात्र साफ करू नये. आडोसा गेला की जनावर वाट बदलतं. ठसे जांभ्यावर उमटत नाहीत, ओढ्याकाठच्या गाळात शोधावे लागतात. अंगठ्याच्या नखाएवढा खूर, म्हणून नजर जमिनीलगत हवी.

१९७२ च्या कायद्याने पिसोरीला पहिल्या अनुसूचीत घातलं. तरी फासकी आणि गावकुत्री कायदा वाचत नाहीत. धोका दिसला की पिसोरी आधी जागीच थिजतो. बिबट्यापुढे ही युक्ती चालते; बॅटरीच्या झोतात आणि फोंडा घाटाच्या रस्त्यावर हीच अंगाशी येते.

पुढचे निर्णयही मोठ्या जनावरांभोवतीच झाले. २०१० मध्ये कोयना-चांदोलीचा व्याघ्रप्रकल्प झाला. २०१२ मध्ये राधानगरी जागतिक वारशाच्या यादीत गेलं, तेव्हा सड्यांवरच्या, म्हणजे माथ्यावरच्या कातळी पठारांवरच्या, फुलांची चर्चा जास्त झाली. दुर्गमानवाडकडच्या बॉक्साइट खाणींचा वादही सड्यांपुरताच बोलला गेला. पण सडा उकरला की पावसात लाल गाळ खालच्या घळीत उतरतो, कातळांच्या कपारी बुजवतो, आणि पिसोरी नेमका तिथे राहतो.

हैदराबादच्या प्राणिसंग्रहालयात २०१० पासून पिसोरीची पैदास करून पुढे तेलंगणातल्या अमराबादच्या जंगलात काही सोडले गेले. कोल्हापुरात तशी घाई कशाला? इथे आधी आहे ते रान जोडलेलं राहायला हवं. विशाळगड, पन्हाळा, गगनबावडा, आजरा-भुदरगड आणि चंदगड या पट्ट्यांना अलीकडे संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला आहे. वाघाच्या येण्याजाण्याची वाट म्हणून या पट्ट्यांकडे बघितलं जातं. त्यांच्यामधल्या ओढ्यांकाठची झाडी मालकी जमिनीत आहे तिथे ती तुटली, की वाघ रात्रीत पलीकडे जाईल, पिसोरी जाणार नाही.