कालप्रवासी कादंबरीतला संसार

कालप्रवास म्हटलं की यंत्र आणि लांबचं भविष्य हेच डोळ्यापुढे येतं, एच. जी. वेल्सच्या १८९५ च्या 'द टाईम मशीन'मधला प्रवासी तर थेट सन ८,०२,७०१ मधे जाऊन पोचतो. पण याच प्रकारात एक वेगळी वाट आहे, ज्यात माणूस जेमतेम काही वर्षं मागे जातो आणि तेही आपल्या घरच्याच माणसासाठी, म्हणजे लग्नाला बरीच वर्षं झालेली बायको नवऱ्याला, किंवा नवरा बायकोला, जुन्या एखाद्या दिवसात जाऊन भेटतो. आपल्याकडे वडाला दोरा गुंडाळताना पुढचे सात जन्म मागतात, इथे मागचा एक दिवस मागितलेला असतो.

माझ्या मते याचं सगळ्यात सुंदर उदाहरण जपानी लेखक तोशिकाझू कावागुची यांचं आहे. आधी नाटक होतं, मग २०१५ मधे कादंबरी आली, जपानी नावाचा अर्थ 'कॉफी थंड व्हायच्या आत'. टोकियोतल्या एका गल्लीत, तळघरात, 'फुनिकुली फुनिकुला' नावाचं जुनं कॅफे आहे आणि तिथल्या एका ठराविक खुर्चीत बसलं की हव्या त्या दिवशी जाता येतं. पण नियम भलतेच कडक, खुर्ची सोडायची नाही, जो माणूस कधीतरी त्या कॅफेत येऊन गेलाय त्यालाच भेटता येतं, काहीही केलं तरी आजचं काही बदलत नाही, आणि कपातली कॉफी गार व्हायच्या आत संपवून परत यायचं. नाही संपवली तर भूत होऊन त्याच खुर्चीत बसावं लागतं. पांढऱ्या ड्रेसमधली एक बाई तशी बसलेलीच आहे, कायम पुस्तक वाचत, ती वारलेल्या नवऱ्याला भेटायला गेली आणि तिला वेळेचं भानच राहिलं नाही. ती दिवसातून एकदा टॉयलेटला उठते, तेवढ्यात खुर्ची पकडायची.

यातलं 'नवरा-बायको' हे प्रकरण मुद्दाम वाचावं असं. कोताके नर्स आहे, तिचा नवरा फुसागी बागकाम करणारा, त्याला अल्झायमर झालाय. कॅफेत बसून तो ट्रॅव्हल मॅगझिन चाळत असतो, बायकोला एक पत्र द्यायचं राहिलंय आणि त्यासाठी मागे जायचंय एवढं त्याच्या लक्षात आहे, पण समोर उभी आहे तीच आपली बायको हे मात्र त्याला आठवत नाही. त्याचा गोंधळ होऊ नये म्हणून तीपण माहेरचं आडनाव लावून वावरते. शेवटी तीच मागे जाते, तिला अजून ओळखणाऱ्या फुसागीसमोर बसते आणि पत्र घेऊन येते. त्यात त्याने लिहिलंय की नर्स म्हणून माझ्यापाशी राहू नकोस, बायको म्हणून जमेल तेवढं कर, आणि नवरा म्हणून मी नकोसा झालो तर सोडून जा. घरात असं आजारपण काढलेल्या कुणालाही इथे गलबलून येईल, कारण औषधं, जेवणं, अंघोळी सांभाळता सांभाळता बायकोची नर्स कधी झाली ते कळतच नाही. परत आल्यावर आजार तसाच असतो. ती फक्त कॅफेतल्यांना सांगते, मला आता माहेरच्या नावाने हाक मारू नका, मिसेस फुसागी म्हणा.

अमेरिकन लेखिका ऑड्रे निफेनेगर यांच्या २००३ च्या 'द टाईम ट्रॅव्हलर्स वाईफ'मधे प्रवास नवऱ्याच्या हातातच नाही. शिकागोच्या न्यूबेरी लायब्ररीत काम करणारा हेन्री जन्मजात दोषामुळे अचानक गायब होतो आणि अंगावर कपडासुद्धा नसताना भलत्याच वर्षात जाऊन पडतो. त्यामुळे त्याची बायको क्लेअर त्याला पहिल्यांदा भेटते तेव्हा ती ६ वर्षांची आणि तो ३६ चा, पण तो तिला पहिल्यांदा बघतो तेव्हा ती २० ची आणि तो २८ चा! घडलेलं इथेही बदलत नाही, हेन्रीला स्वतःच्या आईचा अपघात कितीदा बघूनही टाळता येत नाही. क्लेअरच्या वाट्याला येतं ते वाट बघणं, आणि इथेही शेवटी एक पत्रच आहे, तो वारल्यानंतर तिला मिळालेलं, ज्यात पुन्हा एक भेट होणार असल्याचं तो सांगून ठेवतो. त्या भेटीत ती ८२ वर्षांची आहे आणि तो ४३ चा.