कृष्णामाई कोपते तेव्हा

ऑगस्ट २०१९. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेनं ५७ फूट ओलांडले होते. धोक्याची पातळी ४५ फुटांची. आमच्या जिन्याच्या चार पायऱ्या पाण्याखाली होत्या. पाचवीवर आजीनं ओटी ठेवली : खण, नारळ, मूठभर तांदूळ. म्हणाली, "माई, आलीस, भेटलीस, आता माघारी जा." आणि वळून लगेच मला विचारलं, "कोयनेतनं किती क्युसेक सोडलंय रं?"

ही विनवणी आणि हा प्रश्न एकाच डोक्यात सुखानं नांदतात, याचं मला फार अप्रूप वाटतं. नदीला मन नसतं हे आजीला पक्कं ठाऊक होतं. तरी बोलताना माई कोपते, रुसते, उतरते. शाळेत याला चेतनगुणोक्ती अलंकार म्हणतात, पण हा अलंकार कवितेच्या कितीतरी आधीपासून आपल्या मेंदूत बसलेला आहे.

१९४४ साली फ्रिट्झ हायडर आणि मारियान झिमेल या मानसशास्त्रज्ञांनी एक छोटी फिल्म केली. एक मोठा त्रिकोण, एक लहान त्रिकोण, एक वर्तुळ आणि दार असलेली एक चौकट. एवढेच आकार पडद्यावर इकडून तिकडे सरकतात. ३४ जणांना विचारलं, काय दिसलं? एकानंच सरळ भूमितीच्या भाषेत लिहिलं. बाकीच्यांनी गोष्टच सांगितली, बहुतेकांनी माणसांची : मोठा त्रिकोण दांडगाई करतो, धाकटा त्याच्याशी भांडतो, वर्तुळ घाबरतं.

पुढे २००४ मध्ये असेच सरकते आकार एका रुग्ण बाईंना दाखवले. त्यांच्या मेंदूतला अमिग्डला हा बदामाएवढा, दुसऱ्याच्या भावना ओळखायला मदत करणारा भाग दोन्ही बाजूंनी निकामी झालेला होता. त्यांना आकार नीट दिसले, पण त्यांनी वर्णन केलं ते फक्त आकारांच्या हालचालींचं. भांडण नाही, भीती नाही. म्हणजे समोरच्या माणसाच्या मनात काय चाललंय हे ओळखायला जी यंत्रणा लागते, तीच बहुधा आपण नदीवर, ढगावर, बंद पडलेल्या मोटरीवर लावतो.

लावतो कधी? वस्तू बेभरवशाची झाली की. रोज मुकाट पाणी उपसणाऱ्या मोटरीला कुणी नाव ठेवत नाही. ऐन उसाला पाणी द्यायच्या दिवशी ती अडली की "रुसली". वारंवार बिघडणाऱ्या कॉम्प्युटरलाही लोक जास्त सहज 'मन' देतात, असं संशोधकांना आढळलं आहे. पुढं काय होईल याचा अंदाज लागेना, की माणसाच्या स्वभावाचा आडाखा आपल्या हाताशी तयार असतो.

पुरात मात्र हा आडाखा जिवावर बेततो. आमच्या गल्लीत कितीतरी जण निघायलाच तयार नव्हते. "२००५ ला माई उंबऱ्याला पाय लावून गेली, यंदा पण तिला तिची मर्यादा कळंल." आईनं मर्यादा पाळावी, ही अपेक्षा माणसाची. पाण्याची मर्यादा ठरते पाणलोटातल्या पावसावर, धरणांच्या विसर्गावर, आणि हरिपूरला येऊन मिळणाऱ्या वारणेच्या फुगीवर.

आजीला क्युसेकचा आकडा सांगितला. तिनं ओटीला हात जोडले, पदर खोचला आणि गल्लीत आलेल्या पहिल्याच बोटीत जाऊन बसली.