कडू मुळी सगळ्यात शेवटी

युगांडाच्या उत्तरेला गुलू, कितगुम, पादेर या भागांत आचोली लोक राहतात. त्यांच्यात एका कुळातल्या माणसाच्या हातून दुसऱ्या कुळातला माणूस मेला, की दोन्ही कुळांचा रोटी-बेटी व्यवहार तिथल्या तिथे थांबतो. सोयरीक जुळत नाही, एकमेकांच्या घरचे पाणीसुद्धा चालत नाही. यामुळे तापलेली माणसे समोरासमोर येत नाहीत आणि सूडाची संधी कमी होते. पण नुसते गप्प बसूनही भागत नाही. मेलेल्याचा आत्मा, 'चेन', मारेकऱ्याच्या अख्ख्या घराला पछाडतो अशी श्रद्धा आहे. घरात आजारपण आले, रात्री कुणी दचकून उठू लागले, की घरचेच म्हणतात, काय झाले ते सांगून टाक.

इथून सुरू होतो 'मातो ओपुत', म्हणजे ओपुत झाडाच्या कडू मुळीचा रस पिणे. बाहेरच्यांना हा घोटच दिसतो. खरे काम त्याआधीचे असते आणि त्याला महिने, कधी वर्षे लागतात. वडीलधारे मध्यस्थ दोन्ही कुळांकडे खेपा घालतात. खून मुद्दाम झाला की चुकून, भांडण कशावरून पेटले, हे उलगडून घेतात. कबुली मिळाल्याशिवाय गाडी पुढे जात नाही. मग 'क्वोर', म्हणजे भरपाई ठरते. पूर्वी मारेकऱ्याच्या कुळातली मुलगी देत. पुढे गुरे किंवा पैसे आले. ती भरपाई मृताच्या घरातल्या तरुणाच्या लग्नासाठी वापरायची, आणि होणाऱ्या मुलाला मृताचे नाव द्यायचे, अशी रीत. भरपाई एकट्या गुन्हेगाराने नव्हे, साऱ्या कुळाने गोळा करायची असते. मला यातली सर्वांत शहाणी गोष्ट हीच वाटते: ज्याच्या खिशाला चाट बसते, तो भाऊबंद पुढच्या वेळी भांडण वेळीच सोडवतो.

विधीच्या दिवशी मारेकऱ्याची बाजू मेंढी आणते, मृताची बाजू बकरा. दोन्ही जनावरे मधोमध कापून अर्धे-अर्धे भाग बदलून घेतात. मुळी कुटून स्थानिक दारूत मिसळतात आणि भोपळ्याच्या भांड्यात ओततात. दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी गुडघे टेकून, हात पाठीमागे घेऊन, त्या एकाच भांड्याला एकदम तोंड लावतात. हात मागे असल्याने डोके डोक्याला टेकल्याशिवाय घोट मिळत नाही. कडूपणा दोघांच्याही वाट्याला सारखाच. त्यानंतर सगळे एकत्र जेवतात आणि थांबलेला व्यवहार सुरू होतो.

लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी या बंडखोर संघटनेच्या युगांडा सरकारविरुद्धच्या युद्धात हीच पद्धत अडखळली. सरकार आणि बंडखोर यांच्यातल्या 29 जून 2007 च्या जुबा करारात मातो ओपुतचे नाव आले खरे, पण या विधीला मारेकरी आणि मृत, दोघांचीही कुळे ठाऊक असावी लागतात. बंडखोरांनी पळवून नेऊन हाती बंदूक दिलेल्या मुलाला आपण कुणाला मारले हेच माहीत नसते. शिवाय मेलेले सगळे आचोली नव्हते. लांगो, तेसो, मादी लोकही होते. गुरे लुटली गेलेली, तर क्वोर द्यायचा कशातून? युद्धामुळे विस्थापितांच्या छावण्यांत वाढलेल्या पिढीने तर हा विधी क्वचितच पाहिलेला.

म्हणून बंडखोरांकडून, जंगलातून परतलेल्यांसाठी 'न्योनो तोङ ग्वेनो' हा सोपा विधी जास्त वापरला गेला. उंबऱ्याशी ओपोबोच्या फांदीच्या बेचक्यात कच्चे अंडे ठेवतात, शेजारी 'लायिबी', म्हणजे धान्याची कणगी उघडायची काठी. अंड्याला तोंड नसते, ते कुणाबद्दल वाईट बोलत नाही. ओपोबोची साल बुळबुळीत, साबणासारखी, म्हणजे शुद्ध करणारी. आणि लायिबी सांगते की या घरच्या धान्यावर तुझा हक्क अजून आहे. परतलेला अंड्यावर पाय देऊन ते फोडतो आणि आत येतो. याला मृताचे नाव लागत नाही, त्यामुळे कित्येक जणांचा विधी एकदम उरकता येतो. पण हे झाले घरात घेणे. हातून मेलेल्याच्या कुळाशी क्वोरचा हिशेब तसाच बाकी राहतो.