चाकजुळणी, मोटारीची

चाकजुळणी, मोटारीची : एका मोटारीचे चाक दुसऱ्या मोटारीच्या हबवर (चाक ज्यावर आवळतात त्या मधल्या फिरत्या भागावर) सुरक्षितपणे बसेल की नाही, हे मोजमापांवरून ठरवण्याची पद्धत. येथे चाक म्हणजे टायर वगळता उरणारा धातूचा भाग. नागपुरात टायरवाल्याकडे पोलादी चाकाला ‘डिस्क’ आणि मिश्रधातूच्या चाकाला ‘अलॉय’ किंवा ‘मॅग व्हील’ म्हणतात. जुने अलॉय विकत घेताना, किंवा रस्त्यात दुसऱ्याची स्टेपनी उसनी घेताना हा प्रश्न उभा राहतो. नट चढले म्हणजे चाक बसले, हा समज घातक आहे.

‘स्टेपनी’ या नावाविषयी दोन मते आढळतात. एक मत त्याचा संबंध लंडनच्या स्टेपनी भागाशी लावते. दुसऱ्या मतानुसार वेल्समधील लानेली येथे थॉमस मॉरिस डेव्हिस यांनी १९०४ च्या सुमारास बनवलेल्या सुट्या चाकाला तेथील स्टेपनी स्ट्रीटवरून हे नाव पडले; हेच मत अधिक ग्राह्य वाटते. ते चाक म्हणजे आरे नसलेली, टायर चढवलेली नुसती धाव होती. पंक्चर झालेल्या चाकाच्या कडेला ती पकडींनी जखडत. त्यामुळे हबच्या भोकांचा संबंधच येत नसे. धावेचा व्यास जुळला की पुरे. चाक थेट हबला नटबोल्टने आवळण्याची रीत रूढ झाल्यावर भोकांचे गणित महत्त्वाचे ठरले.

नटांच्या भोकांच्या मध्यबिंदूंतून जाणाऱ्या वर्तुळाच्या व्यासाला पीसीडी म्हणतात. चार भोके असल्यास समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यांतील अंतर हाच पीसीडी. पाच भोकांत समोरासमोर भोके नसतात; तेथे शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांतील अंतराला ०.५८८ ने भागावे. ६७.२ मिमी. अंतर आल्यास पीसीडी ११४.३, तर ६५.८ आल्यास ११२ निघतो. फरक जेमतेम १.४ मिमी.चा, म्हणून टेपवर भिस्त ठेवू नये, व्हर्नियर (बारीक मापाचे सरकते उपकरण) वापरावा. सर्वांत फसवी जोडी ९८ आणि १०० ची. फियाट पुंटोचा पीसीडी ४×९८ (म्हणजे चार भोके, ९८ मिमी. व्यास), मारुती स्विफ्टचा ४×१००. भोक प्रत्येक बाजूला १ मिमी.च चुकते आणि जोर लावला की नट चढतोही. पण तो तिरका बसतो, पुढे सैल होतो.

पीसीडी जुळला तरी मधले भोक पाहावेच लागते. होंडा सिटीचाही पीसीडी ४×१००. परंतु तिच्या मूळ चाकाचे मधले भोक ५६.१ मिमी., स्विफ्टचे ५४.१ मिमी. म्हणून स्विफ्टचे चाक सिटीच्या हबवर जातच नाही. उलट सिटीचे चाक स्विफ्टवर जाते, पण २ मिमी. ढिले राहते; ५६.१–५४.१ मापाची रिंग घातल्याखेरीज ते नीट मध्यावर येत नाही. शिवाय होंडाच्या मूळ चाकात नटाची बैठक गोलाकार असते, तर स्विफ्टचा नट शंकूच्या आकाराचा. होंडाचाच नट वापरावा म्हटले तर त्याचा आटा (दोन वेढ्यांमधील अंतर) १.५ मिमी.चा आणि स्विफ्टच्या बोल्टचा १.२५ मिमी.चा, तसा नट दामटून फिरवला की दोन्ही आटे मरतात. आटा नेहमी गाडीचा आणि बैठक चाकाची, असा मेळ असलेला नट शोधावा लागतो.

अशी ढिलाई शहरात लक्षात येत नाही. नागपुरात सीताबर्डीच्या गर्दीत गाडी ठीक वाटते; शहराबाहेर शिवमडक्याहून समृद्धी महामार्गावर लागल्यावर, जेथे मोटारींना ताशी १२० किमी. वेगाची मुभा आहे, स्टेअरिंग थरथरू लागते. बॅलन्सिंग पुन्हा करूनही थरथर जात नसेल, तर मधले भोक तपासावे.

हबला टेकणारा पृष्ठभाग चाकाच्या मध्यरेषेपासून किती सरकलेला आहे, ते अंतर म्हणजे ऑफसेट. चाकावर ते ‘ईटी’ या अक्षरांपुढे कोरलेले असते. ५.५ इंच रुंदीचे ईटी ४५ चाक काढून ६.५ इंचाचे ईटी ३५ लावल्यास बाहेरची कड २२.७ मिमी. बाहेर, आतली २.७ मिमी. आत सरकते. चाक मडगार्डला किंवा सस्पेन्शनला घासते का, हे स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून आणि मागे माणसे बसवून पाहावे. डिस्क ब्रेकच्या कॅलिपरला (ब्रेकची तबकडी दाबणाऱ्या पकडीला) आत पुरेशी जागा हवी, तसेच चाकाची भारक्षमता मूळ चाकाहून कमी नसावी.

टायरसह बाहेरचा व्यास मूळ मापाजवळ ठेवतात. १८५/६५ आर १५ (रुंदी १८५ मिमी., टायरची उंची रुंदीच्या ६५ टक्के, चाकाचा व्यास १५ इंच) चा व्यास ६२१.५ मिमी., १९५/५५ आर १६ चा ६२०.९ मिमी. भरतो, व्यासापुरता हा बदल चालतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मध्ये निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरणाऱ्या बदलांना मनाई आहे. त्यामुळे गाडीच्या पुस्तिकेतील मापांत राहणे इष्ट.

बदललेल्या चाकाचे नट थोड्या प्रवासानंतर, नागपूरहून साधारण वर्ध्याइतके अंतर गेल्यावर, पुन्हा कसून पाहतात.